कापडाखाली दोघी

जुना कॅमेरा ओळखायला वांडा प्रुसाकला दहा मिनिटं लागत. तिच्या थोरल्या बहिणीला, बर्निसला, तेवढ्याच वेळात कॅमेऱ्याच्या मालकाची अख्खी कुंडली काढता येई. म्हणून दोघी नेहमी जोडीनं जात. वांडानं रोचेस्टरच्या कॅमेरा कारखान्यात चौतीस वर्षं काढली होती आणि बर्निसनं तितकीच वर्षं बायकांचे केस कापले होते. निवृत्त झाल्यावर एकीला भीती वाटे हात गंजतील, दुसरीला वाटे जीभ.

त्या शनिवारी त्या पेन यान गावी निघाल्या होत्या. १९९८चा सप्टेंबर अर्धा सरला होता. क्युका तळ्याच्या उतारांवर द्राक्षांची तोडणी चालू होती आणि गाडीची काच खाली केली की काळ्या द्राक्षांचा आंबूसगोड वास थेट मांडीवर येऊन बसत होता. वाटेत मोटार न वापरणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या एका बाईची टपरी लागली. मागं तिची घोडागाडी उभी होती, पुढं फळीवर द्राक्षं भरून भाजलेले गोल पाय मांडलेले.

"थांबव," बर्निस म्हणाली. "ग्रेप पाय."

"आधी काम, मग खाणं."

"अगं, कॅमेरा पन्नास वर्षं थांबलाय. हिच्याकडचं सगळं अकरापर्यंत संपतं."

वांडानं गाडी थांबवली. अशा बाबतीत बर्निसचं ऐकावं लागतं, हे ती साठ वर्षांपूर्वीच शिकली होती.

गेरिट हेवन्स दारातच वाट बघत उभे होते. वय चौऱ्याहत्तर, ताडमाड, खांद्यात जरासे वाकलेले. गावात जन्मभर टपाल वाटलेलं, त्यामुळे बोलताना नजर माणसाच्या हाताकडे जायची.

"दोघी आलात? फोनवर एकच म्हणाला होतात."

"ही कॅमेरा बघते," बर्निस म्हणाली, "आणि मी तुम्हाला."

गेरिट गोंधळले, मग कानापर्यंत लाल झाले, आणि तिथून पुढं त्यांचं आणि बर्निसचं सूत जमलं ते जमलंच.

मेन स्ट्रीटवरच्या त्या विटांच्या इमारतीत खाली लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि वर हेवन्स स्टुडिओ. गेरिटच्या आजीनं, ॲडलेडनं, तो चाळीसेक वर्षं चालवला. ती गेल्यापासून वरची खोली बंद होती. आता इमारत विकली गेली होती आणि एक ऑक्टोबरला नवा मालक ताबा घेणार होता. ॲडलेडच्या नऊ हजार काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, केव्हाच काउंटीच्या संग्रहालयात जाऊन पोचल्या होत्या. राहिला होता कॅमेरा. संग्रहालय तो घ्यायला तयार होतं, पण दोन गोष्टी सिद्ध झाल्या तर: कॅमेरा पूर्ण आहे, आणि त्या नऊ हजार काचा ह्याच कॅमेऱ्यातून निघाल्यात. त्यांची बैठक मंगळवारी होती.

"आणि नाही म्हणाले तर?" वांडानं जिना चढताना विचारलं.

"बुधवारी बफेलोहून एक माणूस ट्रक घेऊन येतोय. एका हॉटेलात त्याचा उभा दिवा करणार म्हणे. भिंगाच्या जागी बल्ब बसवून."

"त्याच्याच टाळक्यात बसवा म्हणावं," वांडा म्हणाली. एवढं कडू ती क्वचितच बोलायची.

वरची खोली लांबट होती. उत्तरेचं छप्पर उतरतं, सगळं काचेचं. काचांवर धूळ होती, तरी उजेड असा येत होता की खोलीत कशाचीच काळी सावली पडत नव्हती. पूर्वेच्या भिंतीत रस्त्याकडे उघडणारी एक उंच खिडकी होती. मध्यभागी एक गोधडी पांघरून कॅमेरा उभा होता, आणि त्याच्यासमोर दहा फुटांवर एक वेताची खुर्ची.

गेरिटनी गोधडी ओढली. वांडानं बाह्या वर सारल्या.

"लिही गं."

बर्निस वही घेऊन खुर्चीत बसली. वांडा खालून वर निघाली. ओतीव लोखंडाची चाकं, चार. ओक लाकडाची घोडी. बाजूचा दांडा फिरवला की वरचा पाट दात्यांवरून वर-खाली होतो, अजूनही लोण्यासारखा. पाटावर दोन चौकटी, पुढची भिंगाची, मागची काचेची, आणि दोन्हींमध्ये लाल चामड्याचा भाता, ॲकॉर्डियनसारख्या घड्यांचा. भात्याच्या दोन कोपऱ्यांना ठिगळं होती, हातानं शिवलेली, टाके इतके बारीक की वांडानं भिंग लावून पाहिले. पुढं पितळी नळकांड्यात भिंग, कॉफीच्या डब्याएवढं. त्याच्या मागं भात्याच्या आत दोन पडद्यांची झडप; तिला लांब रबरी नळी, नळीच्या टोकाला फुगा. फुगा दाबला की हवेनं झडप उघडते, सोडला की मिटते; फोकस होईपर्यंत ती खटक्यानं उघडी ठेवायची. रबर कडक झालं होतं, पण वांडाच्या पिशवीत नवी नळी, नवा फुगा होताच. पाठीमागं दुधी काच. भिंगातून आलेलं चित्र हिच्यावर उमटतं. डोक्यावरून काळं कापड घेऊन छायाचित्रकार ते बघतो, मग काच बाजूला सारून तिच्या जागी फिल्मची चपटी पेटी बसवतो.

पुढच्या चौकटीवर हाडाची छोटी पट्टी होती. वांडानं ती जिभेवर ओल्या केलेल्या बोटानं पुसली. "कारखान्याचं हे नाव नंतर बदललं. म्हणजे १९१०च्या मागंपुढं. सगळे भाग एकाच वयाचे. काही बदललेलं नाही, काही हरवलेलं नाही. पूर्ण आहे."

"एक झालं," गेरिट म्हणाले. त्यांनी बुटांच्या खोक्यातून काचेच्या तीन निगेटिव्ह काढल्या, संग्रहालयात द्यायच्या राहिलेल्या. एकीत लग्नाचं जोडपं, एकीत अग्निशामक दल, एकीत पांढऱ्या झग्यातलं बाळ. वांडानं त्या उजेडाकडे धरल्या आणि तिला लगेच दिसलं. तिन्हींच्या खालच्या कडेला, डावीकडून दोन बोटांवर, एक इवलासा अर्धगोल चावा होता. उंदरानं कुरतडल्यासारखा.

"हा कॅमेऱ्याच्या चौकटीतला दोष. तिथं आतल्या बाजूला काहीतरी पुढं आलं असणार."

बर्निसनं वाकून चौकटीची खालची कड चाचपली. "काही नाही इथं."

"वरची बघ. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं. माणसाचे पाय वर, डोकं खाली. चित्रातला खालचा दोष कॅमेऱ्यात वर असतो."

आणि तो होता. वरच्या कडेला सरसाचा एक थेंब कारखान्यातच सांडून वाळला होता, मुगाच्या दाण्याएवढा. वांडानं त्यावर निगेटिव्ह उलटी करून धरली. चावा आणि थेंब बरोब्बर जुळले.

गेरिट खिडकीकडे वळून नाक शिंकरत राहिले. बर्निसनं वहीत लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

काम खरं तर इथंच संपलं होतं. पण वांडाला चैन पडेना. ती कॅमेऱ्याच्या मागं गेली, हात लावून पाहिले, पुन्हा पुढं आली.

"मिस्टर हेवन्स, तुमची आजी उंच होती का?"

"माझ्याहून बोटभरच कमी. का?"

"फोकस करायचा हा डावीकडचा गोल दांडा बघा. बोटांनी पार गुळगुळीत झालाय. उजवीकडचा नव्यासारखा आहे. म्हणजे काम करणारं माणूस डावखुरं. घोडीच्या पाठीमागं जमिनीवर घासल्याच्या दोन खुणा आहेत. तिथं चौरंग ठेवत असणार, म्हणजे माणूस ठेंगणं. आणि मूळची नळी बारा फूट आहे. एकट्या माणसाला चार फूट पुष्कळ. फुगा घेऊन दुसरं कोणी लांब उभं राहत होतं." तिनं आजूबाजूला पाहिलं. "तिथं, खिडकीशी. तिथं फुगा टांगायचा खिळाही आहे. तुमची आजी कापडाखाली जातच नसे. कापडाखाली दुसरी कोणी होती."

गेरिटनी जमिनीवरच्या त्या दोन खुणांकडे पाहिलं.

"कोरामावशी," ते म्हणाले. "कोरा टीटर."

बर्निसनं पायची खोकी उघडली. कुंडलीची वेळ झाली हे तिला बरोबर कळत असे. खिडकीच्या कट्ट्यावर तिघं खायला बसले.

कोरा टीटर नात्याची नव्हती. १९१२ साली ती ॲडलेडकडे कामाला आली आणि एकतीस वर्षं राहिली. ॲडलेड खिडकीशी उभी राहून गिऱ्हाइकांशी बोलायची, फुगा दाबायची, तिचंच नाव पाटीवर. कोरा कापडाखाली. गेरिट तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि त्यांना वाढवलं ते कोरानं.

"गिऱ्हाइकांना तिचे बूटच माहीत होते," गेरिट म्हणाले. "पण ती कापडाखालून काहीतरी पुटपुटायची. फार वाह्यात. समोर पाद्री बसलेला असो की न्यायाधीश, मिशीतल्या मिशीत हसलाच पाहिजे. आजी म्हणायची, कोरा, एक दिवस तू आपल्याला गावाबाहेर काढशील."

"दिसायला कशी होती?" बर्निसनं विचारलं.

"तेच तर." गेरिटनी काटा खाली ठेवला. "ती १९४३ साली गेली, तेव्हा मी सैन्यात होतो. परत आलो, फोटो शोधला. नऊ हजार काचांत एकीवरही ती नाही. मला तिचे हात आठवतात, आवाज आठवतो. दाढ दुखायची म्हणून गालात कायम लवंग धरायची, तो वास आठवतो. चेहरा आठवत नाही. पंचावन्न वर्षं आठवतोय, येत नाही."

बर्निसनं त्यांच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला.

"एक फोटो काढू या तुमचा," वांडा म्हणाली. "ह्याच कॅमेऱ्यानं. चालतो हे दाखवायला संग्रहालयालाही बरं."

तिनं येतानाच फिल्मची एक पेटी भरून आणली होती. पेटीला दोन बाजू, दोन्हीकडे एकेक फिल्म, प्रत्येकीवर सरकतं झाकण. जुनं काळं कापड कसरीनं खाल्लेलं होतं, म्हणून तिनं आपलं स्वतःचं काढलं, गेल्याच महिन्यात शिवलेलं, कोरं. बर्निस नमुन्यादाखल खुर्चीत बसली. वांडा कापडाखाली शिरली.

काचेवर बर्निस उलटी लटकत होती, वटवाघळासारखी, आणि तरीही बोलत होती. चित्र धूसर होतं. वांडानं फोकसच्या दांड्याकडे हात नेला. तो लागायच्या आतच चित्र स्पष्ट झालं.

तिनं हात मागं घेतला. दांडा सैल आहे, भात्याच्या वजनानं घसरला असेल. तिनं मुद्दाम फोकस बिघडवला आणि थांबली. चित्र सावकाश सरकलं, जरासं पुढं गेलं, मागं आलं, आणि बर्निसच्या पापण्यांवर येऊन स्थिर झालं. भात्याच्या वजनानं घसरणारी वस्तू पुढं जाऊन मागं येत नाही.

ती बाहेर आली, दांड्याचे दाते तपासले. घट्ट होते. हातानं फिरवायलाही जोर लागत होता.

"काय झालं?" बर्निसनं विचारलं.

"काही नाही. काल कोणी तेल घातलं होतं का?"

"पन्नास वर्षांत कोणी हात नाही लावला," गेरिट म्हणाले.

वांडा पुन्हा आत गेली. ह्या वेळी तिला वास आला. लवंगेचा. आधी तिला वाटलं, गेरिटनी सांगितलं म्हणून नाकाला भास होतोय. तिनं कापडाची कड उचलून बाहेरची हवा घेतली: धूळ, द्राक्षं, जुनं लाकूड. आत: लवंग. कापड तर तिचंच होतं, तिच्याच साबणानं धुतलेलं.

तिनं काम चालू ठेवलं. चौतीस वर्षांत तिनं कारखान्यात विचित्र काही पाहिलं नव्हतं असं नाही, आणि दर वेळी शेवटी एखादा स्क्रू ढिला निघाला होता.

काचेच्या डाव्या कडेशी, बर्निसच्या उलट्या खुर्चीच्या पलीकडे, एक फिकट डाग होता. मघाशी नव्हता. वांडानं डोळे बारीक केले. डागाला कपाळ होतं. मध्ये भांग पाडलेले केस, एक गाल किंचित फुगलेला. चेहराच होता तो, आणि तो सुलट होता.

वांडा घाबरली नाही. ती विचार करत राहिली, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. भिंगातून जे येतं ते उलटं पडतं. सुलट आहे, म्हणजे भिंगातून आलेलं नाही. म्हणजे काचेवरचाच डाग. तिनं काच काढली, स्पिरिटनं पुसली, उजेडाकडे धरली. स्वच्छ. तरी ती बाजूला ठेवून तिनं पिशवीतली नवी दुधी काच बसवली आणि पुन्हा कापड ओढलं.

चेहरा होता. त्याच जागी. आता ओठही दिसत होते.

डाग नाही, भिंगातून नाही. मग काचेत सुलट काय दिसतं? प्रतिबिंब. काचेच्या ह्या बाजूला जे असेल त्याचं. आणि काचेच्या ह्या बाजूला कापडाखाली फक्त वांडा होती.

तो चेहरा वांडाचा नव्हता.

तो तिच्या डाव्या खांद्याशी होता. तिच्याहून जरा खाली.

तिनं मान वळवली नाही. सावकाश हात उचलून डावीकडचं कापड चाचपलं. कापड होतं, मागं हवा होती. चेहऱ्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा समोर, काचेकडे, बर्निसकडे. आणि त्याला हसू आलं, जसं बर्निसला उलटं बघून कोणालाही येईल.

वांडा बाहेर आली. तिनं कापड नीट झटकलं. तिचे केस चेहऱ्यावर आले होते.

"तुझा रंग उडालाय," बर्निस म्हणाली.

"मिस्टर हेवन्स," वांडा म्हणाली, "तुम्ही जरा आत बघाल का? मला एका गोष्टीबद्दल तुमचं मत पाहिजे."

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"ह्यातलं कळेल."

गेरिट वाकले, कापडाखाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर राहिले, टपालवाल्याचे मोठे काळे बूट.

खाली रस्त्यावर एक घोडागाडी टापा वाजवत गेली.

एक मिनिट झालं. दोन झाली.

मग कापडाखालून हसणं ऐकू आलं. आधी नाकातल्या नाकात, मग दाबून, मग न आवरता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस शाळेच्या बाकाखाली लपलेल्या पोरासारखा हसत होता.

बर्निस खुर्चीतून उठली. वांडानं तिला हातानं थांबवलं.

गेरिट बाहेर आले तेव्हा त्यांचे गाल ओले होते.

"हिरवे," ते म्हणाले. "तिचे डोळे हिरवे होते. हे मी विसरलोच कसा?" मग जरा वेळानं, अगदी साध्या आवाजात: "माझं तोंड मात्र कुठं दिसलं नाही त्यात. तिचं एकटीचंच."

बर्निसनं पर्समधून कंगवा काढला, गेरिटना खुर्चीत बसवलं आणि त्यांचे पांढरे केस विंचरले, कपाळावरची बट दोनदा नीट केली. भांग सरळ पडला.

वांडानं फोकसला हात लावला नाही. काच सारून फिल्मची पेटी बसवली, पहिल्या बाजूचं झाकण काढलं, कापड कॅमेऱ्यावर तसंच राहू दिलं. फुगा घेऊन ती खिडकीशी गेली. इथूनच माणसाचा चेहरा नीट दिसतो हे तिला आता पटलं होतं. बर्निस दाराशी उभी राहिली.

"तयार?" वांडानं विचारलं.

गेरिटनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते कॅमेऱ्याकडे बघत होते, आणि कोणीतरी काहीतरी बोलल्यासारखे एकाएकी खुदकन हसले.

वांडानं फुगा दाबला. एक, दोन. सोडला.

झाकण पुन्हा लावेपर्यंत फुगा तिच्या मुठीत होता. मग तिनं तो खिळ्यावर टांगला.

परतीच्या वाटेवर बर्निस वीस मैल गप्प होती. हे याआधी एकदाच घडलं होतं, भूल दिलेली असताना.

"तू फोटो काढलास तेव्हा खिडकीशी होतीस ना?" तिनं शेवटी विचारलं.

"हो. तुझ्यासमोर तर होते."

"बरं. कापड मागून फुगलेलं होतं. वाटलं, तू आत आहेस." तिनं खिडकीची काच वर केली. "आपण अजून एक पाय घ्यायला हवा होता."

रविवारी वांडानं तळघरात पहिली फिल्म धुतली. गेरिट हेवन्स हसत होते आणि इतके रेखीव आले होते की पापणीचा केस न् केस मोजावा. इतका चोख फोकस तिला स्वतःला आयुष्यात कधी साधला नव्हता. तिनं एक प्रत गेरिटना पाठवली, एक आपल्या अहवालासोबत संग्रहालयाला. मंगळवारच्या बैठकीत कोणी हूं की चूं केलं नाही. बुधवारी बफेलोचा माणूस रिकामा ट्रक घेऊन परत गेला, आणि गेरिटनी ही बातमी बर्निसला फोनवर तीनदा सांगितली. त्यांचा फोन आता एक दिवसाआड यायला लागला होता आणि त्यात कॅमेऱ्याचा विषय फार थोडा असे.

गुरुवारी त्यांनी फोन वांडाला द्यायला सांगितला.

"एक विचारायचं होतं. आज संग्रहालयाची माणसं कॅमेरा न्यायला आली होती. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. जाताना तुम्ही फिरवला होता का?"

"नाही. तो खुर्चीकडेच होता."

"हो, मलाही तसंच आठवतंय. किल्ली माझ्याजवळच होती. धुळीत चाकांची सुरेख गोल रेघ उमटलीय." ते थांबले. "तक्रार नाही हं माझी."

वांडानं फोन ठेवला. मग ती तळघरात गेली. फिल्मची पेटी फळीवर होती. दुसऱ्या बाजूची फिल्म तिनं वापरलीच नव्हती. झाकणाची पांढरी कड बाहेर होती, म्हणजे फिल्म कोरी. पेटीतून उजेड शिरतो का हे एकदा बघायलाच हवं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि दिवा मालवला.

तासाभरानं ती ओली प्रत घेऊन स्वयंपाकघरात आली. बर्निस कॉफी पीत बसली होती. वांडानं प्रत टेबलावर ठेवली.

चित्रात पेन यानची ती उंच खिडकी होती आणि खिडकीशी वांडा. त्याच दिवसाचे कपडे, वर सारलेल्या त्याच बाह्या. ती थेट भिंगात बघून हसत होती, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन्ही हात पोटावर धरले होते. दोन्ही रिकामे.

बर्निसनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हा कधी काढलास?"

"मी कसा काढेन? मी तर चित्रात आहे."

"फुगा कुठाय?"

"माझ्याकडे नाही."

बर्निसनं प्रत जवळ ओढली. "मी तुला जन्मापासून बघतेय," ती म्हणाली. "तू अशी हसलेली मी पाहिली नाही. काय म्हणाली ती तुला?"

कोणी काही म्हणालं नाही, मी तिथं अशी उभी राहिलेच नव्हते, असं सांगायला वांडानं तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते आठवतंय. शब्द न् शब्द, हळू आवाजात, डाव्या कानाशी सांगितलेलं. ते बर्निसबद्दल होतं, आणि बर्निसला सांगण्यासारखं मुळीच नव्हतं.